जपानी ते फ्रेंच : भाषाविज्ञानाचा अनुवादक कसा पारखायचा?

एका श्रोत्या ताईंचा प्रश्न आलाय. जपानी भाषाविज्ञानावरचा एक लेख त्यांना फ्रेंचमध्ये करून घ्यायचाय. थेट माणूस सापडत नाही, पण जपानी-इंग्रजी आणि इंग्रजी-फ्रेंच असे दोघे स्वस्तात मिळताहेत. चालेल का?

मी म्हणेन, नको. फ्रेंचमध्ये ‘लांग’ म्हणजे एका समाजाची भाषाव्यवस्था आणि ‘लांगाज’ म्हणजे माणसाची एकूण भाषाशक्ती. सोस्यूरचा सगळा विचार या फरकावर उभा आहे. इंग्रजीत दोन्हींना बहुतेकदा ‘लँग्वेज’च म्हणतात. वाटेत गळलेला फरक पुढचा अनुवादक कुठून आणणार? सोस्यूरचं पुस्तक १९१६ चं. हिदेओ कोबायाशींनी ते १९२८ मध्येच जपानीत आणलं. इंग्रजीत आलं १९५९ मध्ये. म्हणजे जपानीची या फ्रेंच संज्ञांशी ओळख जुनी, आणि तीही थेट.

मग शोधायचं कुठे? अनुवादक शक्यतो मातृभाषेत अनुवाद करतात, म्हणून फ्रेंच मातृभाषा असलेला माणूस बघा. फ्रान्समधल्या ‘एसएफटी’ या अनुवादक संघटनेची सूची चाळा. पॅरिसच्या ‘इनाल्को’ संस्थेत जपानी शिकवतात. तिथे या विषयात संशोधन केलेल्यांना विचारा.

नाव मिळालं की एक परिच्छेद करून घ्या. त्याचे पैसे द्या बरं का, फुकट नको! परिच्छेदात ‘शुदाइ’ हा शब्द असू द्या. जपानीत ‘झो वा हाना गा नागाइ’ असं एक गाजलेलं वाक्य आहे. ‘हत्ती म्हणाल, तर सोंड लांब’ असं काहीसं. आकिरा मिकामींनी १९६० मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की ‘वा’ने येणारा हत्ती हा वाक्याचा विषय, म्हणजे ‘शुदाइ’. त्याला उद्देश्य, म्हणजे ‘शुगो’, समजू नका. आता गंमत बघा. फ्रेंचमध्ये ‘सुजे’ हा शब्द बोलताना ‘विषय’ म्हणून चालतो, पण व्याकरणात त्याचा अर्थ उद्देश्य! ‘शुदाइ’ला ‘सुजे’ लिहिलं, की मिकामी जे नाकारतात तेच त्यांच्या तोंडी जातं. जाणकार माणूस तिथे ‘तेम’ लिहील.

आणखी एक बघा. परिच्छेद परत करताना तो काही विचारतो का? ‘इथे गेंगो म्हणजे लांग की लांगाज?’ असं ज्यानं विचारलं, त्याला ताई, खुशाल काम द्या.

भेटू पुढच्या भागात. प्रश्न पाठवत राहा!