दिवाळीचे पांघरूण

(साक्षरता वर्गातील भगिनींपुढे केलेले भाषण)



आज मी तुम्हांला एका पांघरुणाची गोष्ट सांगणार आहे. गोधडी तर तुम्ही सगळ्याच शिवता. जुने लुगडे, जुने धोतर, काही वाया जाऊ देत नाही. तशीच उरलेल्या लोकरीचीही जणू गोधडीच होते. ती क्रोशाच्या सुईने विणतात. ही सुई एकच असते आणि तिच्या टोकाला आकडा असतो. लहान लहान चौकोन विणायचे आणि मग ते एकमेकांना जोडायचे.

इंग्रजीत याला आजीबाईचा चौकोन म्हणतात. अमेरिकेत १८८५ साली शेतकऱ्यांच्या एका साप्ताहिकात असा चौकोन छापून आला होता. म्हणजे ही शेतकऱ्यांच्या घरातली जुनीच कला आहे.

आधी माझी फजिती ऐका. माझी आई थकली होती. दिवाळीनंतर थंडी पडली की तिचे गुडघे फार दुखत. मी ठरवले, यंदा भाऊबीजेला माहेरी जाताना आईला पांघरूण न्यायचे. एकच मोठे पांघरूण विणायला घेतले. माप घेतले नाही, टाके मोजले नाहीत. हातभर झाल्यावर बघते तर काय! एक बाजू रुंद, दुसरी अरुंद. सगळे उसवावे लागले. तोवर दसरा आला.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, एवढा डोंगर एकदम कशाला उचलतेस? चौकोन कर." मी चौकोन करू लागले. पण सुगीचे दिवस होते. भाऊबीजेपर्यंत नऊच चौकोन झाले. तीन-तीनच्या तीन ओळी जोडल्या. दीड फूट लांब आणि दीड फूट रुंद असा तुकडा झाला. तो घेऊन मी माहेरी गेले. मनात लाज वाटत होती. म्हटले, "आई, अर्धवटच राहिले गं."

आईने तो तुकडा मांडीवर पसरला. म्हणाली, "गुडघे तर झाकले ना? बाकीचे पुढल्या वर्षी आण."

बायांनो, चौकोनाचा गुण हाच आहे. काम अर्धे राहिले तरी वाया जात नाही. चार चौकोनांचे बसकर होते, नऊ चौकोनांनी गुडघे झाकतात.

आता चौकोन कसा विणायचा ते सांगते. आधी चार साखळ्या घाला. शेवटची साखळी पहिलीला जोडा. हे झाले कडे. सुईला धागा एकदा गुंडाळून जो उभा टाका घालतात, त्याला खांब म्हणतात. कड्यात तीन खांबांचा एक झुपका विणा. पहिल्या खांबाच्या जागी तीन साखळ्या घालायच्या. झुपका झाला की पुन्हा तीन साखळ्या घाला. हा झाला कोपरा. असे चार झुपके आणि चार कोपरे झाले की फेरी जोडा.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात एक झुपका, तीन साखळ्या आणि पुन्हा एक झुपका घाला. एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये एक साखळी घाला. तिसऱ्या फेरीपासून कोपरे तसेच करा. बाजूला जिथे जिथे फट दिसेल तिथे एक झुपका घाला.

बरोबर झाले की नाही, हे कसे ओळखायचे? चारचा पाढा म्हणा! पहिल्या फेरीत ४ झुपके, दुसरीत ८, तिसरीत १२. सहाव्या फेरीत २४ भरले पाहिजेत. एखादा कोपरा राहिला, तर चौकोन सपाट बसत नाही, वाटीसारखा वर उचलतो. तेव्हा लगेच उसवा. मी उशिरा उसवले, तुम्ही तसे करू नका.

आता हिशेब करू. चौकोन सहा इंचांचा आणि पांघरूण चार फूट रुंद, पाच फूट लांब धरा. आडवे ८ आणि उभे १०, म्हणजे ८० चौकोन लागतील. नागपंचमीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत सुमारे ८४ दिवस मिळतात. रोज एक चौकोन केला तर पांघरूण दिवाळीला तयार! आठ चौकोन झाले की एक ओळ शिवून ठेवा. सगळे शिवण शेवटच्या दिवसांवर टाकू नका.

लोकर किती लागेल? पहिला चौकोन तराजूत तोला. तो १० ग्रॅम भरला, तर ८० चौकोनांना ८०० ग्रॅम लागेल. जोडायला आणि काठाला थोडी जास्त धरा. हे सारे वहीत लिहा. विकायचे असेल तर रोज किती तास विणले तेही लिहा. नाहीतर गिऱ्हाईक लोकरीचे पैसे देईल आणि तुमच्या हातांची मजुरी बुडेल.

रंग सणाला शोभतील असे घ्या. झेंडूचा पिवळा, केशरी, कुंकवाचा लाल, आंब्याच्या पानाचा हिरवा. शेवटची फेरी मात्र सगळ्या चौकोनांना एकाच रंगाची घाला. मग उरलेली लोकरही एकजीव दिसते. एक सांभाळा. बाजारातली पुष्कळ लोकर खरी नसते. ती पेट घेते आणि वितळून अंगाला चिकटते. पणतीपासून पांघरूण दूर ठेवा.

चेन्नईला २०१६ साली बायांनी तुकडे जोडून जगातले तोवरचे सर्वांत मोठे क्रोशाचे पांघरूण केले. ते ११,१४८ चौरस मीटर भरले. म्हणजे सुमारे पावणेतीन एकर! देशातल्या आणि परदेशातल्या बायांनी त्यासाठी तुकडे विणले होते. एकटीला ते कसे झाले असते?

माझ्या आईचे पांघरूणही दुसऱ्या दिवाळीला पुरे झाले. त्या नऊ चौकोनांनाच मी आणखी ७१ जोडले. आईने ते चार हिवाळे पांघरले. आता आई नाही. पांघरूण माझ्याकडे आहे. त्याच्या एका कोपऱ्यातले नऊ चौकोन इतरांपेक्षा जास्त विटले आहेत. ते मला लांबूनही ओळखू येतात.

तेव्हा बायांनो, आज घरी जाऊन एकच चौकोन करा. उद्या तो वर्गात घेऊन या. आपण सगळ्या मिळून त्याचे झुपके मोजू.