कॉलमजवळ थर्मामीटर लावा



अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल परिषदेचे मनापासून आभार. यजमान महाविद्यालयाचे, आणि पहाटेपासून राबणाऱ्या इथल्या प्रयोगशाळा परिचरांचेही आभार. प्रथिन-शुद्धीकरणातल्या नव्या कामाचा अध्यक्षाने आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. प्रतिपिंडं तयार करणाऱ्या कारखान्यांत हायड्रोफोबिक क्रोमॅटोग्राफीने एकमेकांना चिकटलेले रेणू वेगळे काढणं आता रुळलं आहे. प्रतिपिंडाला औषधाचे किती रेणू जोडले गेले, हेही याच तंत्राने मोजतात. दुपारच्या सत्रात जाणकार त्यावर बोलतीलच. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती कितीतरी वर्षं मनात आहे.

हायड्रोफोबिक कॉलम कोल्ड रूममध्ये लावणं आपण थांबवलं पाहिजे.

हे तंत्र कशावर उभं आहे ते आठवून पाहा. कोणता क्षार प्रथिनाला पाण्यातून जास्त जोराने बाहेर काढतो, याची क्रमवारी प्रागच्या हॉफमाइस्टर यांनी 1888 मध्ये मांडली. 1948 मध्ये उप्सालाच्या टिसेलियस यांनी दाखवलं, की साका खाली बसण्याइतका क्षार नसतानाही प्रथिन योग्य पृष्ठभागाला धरून राहतं. 1973 मध्ये रेहोव्होतच्या शाल्टिएल आणि एर-एल यांनी अ‍ॅगॅरोजच्या मण्यांवर कमीअधिक लांबीच्या कार्बन साखळ्या बसवून एन्झाइमं वेगळी केली. त्याच सुमारास उप्सालातच येर्तेन यांनी विद्युतभार नसलेल्या गटांवर भर दिला, आणि आज आपण वापरतो ते फेनिल, ब्यूटिल रेझिन त्याच वाटेने आलं.

प्रथिनाच्या पृष्ठभागावर ल्यूसिन, व्हॅलिन, फेनिलअ‍ॅलॅनिन यांचे तेलकट ठिपके असतात. त्यांच्याभोवती पाण्याचे रेणू शिस्तीत बांधले जातात. ठिपका रेझिनवरच्या गटाला टेकला की हे पाणी सुटतं आणि एन्ट्रॉपी वाढते. पकड येते ती इथून. म्हणूनच तापमान चढलं की पकड सहसा घट्ट होते, थंडीत ती ढिली पडते. काही प्रथिनं उलटी वागतात हे मला ठाऊक आहे. तीही तापमान मोजल्याशिवाय ओळखता येत नाहीत.

तरीही आपण कॉलम चार अंशांवर लावतो. प्रथिन खराब होईल, प्रोटीएज त्याचे तुकडे करतील, ही त्यामागची भीती. पण इथे प्रथिन असतं एक ते दीड मोलर अमोनियम सल्फेटमध्ये! अनेक एन्झाइमं बाजारात विकली जातात तीच मुळी अमोनियम सल्फेटमध्ये घोळलेली, कारण त्यात ती टिकतात. मग कोल्ड रूममध्ये काय घडतं? प्रथिन नीट धरलं जात नाही, म्हणून विद्यार्थी क्षार वाढवतो. क्षार वाढला की कॉलमच्या तोंडाशीच साका होतो, प्रवाह अडतो, आणि सगळा दोष रेझिनच्या माथी मारला जातो. नवं रेझिन मागवायचं म्हणजे पुन्हा तीन कोटेशनं आणि वर्षाचं अनुदान संपलेलं.

‘फेनिल चांगलं की ब्यूटिल’ हा वाद या व्यासपीठावर दर अधिवेशनात होतो. माझ्यापुरता तो भारनियमनाच्या काळात मिटला. उन्हाळ्यात दुपारी वीज जायची. आमच्याकडे पेनिसिलिन अ‍ॅसायलेजचा फेनिल कॉलम गुरुत्वाकर्षणावर चालायचा, फ्रॅक्शन हाताने गोळा करायचे. सकाळी थंड खोलीत हे एन्झाइम अर्धंअधिक फ्लो-थ्रूमध्ये निघून जायचं. दुपारी खोली तापली की तोच कॉलम, तोच बफर ते पूर्ण धरून ठेवायचा, आणि क्षार उतरवत नेला की एन्झाइम एका स्वच्छ पीकमध्ये बाहेर पडायचं. संध्याकाळी वीज आल्यावर रीडिंग घेतली की दोन्हींतला फरक समोर दिसायचा. फेनिल-ब्यूटिलवर भांडणाऱ्या मित्रांना मी तेव्हापासून आधी तापमान विचारतो. बहुतेकांच्या वहीत ते नसतं.

त्या कामाचा निबंध एका नियतकालिकाकडे गेला, तेव्हा परीक्षकाचा पहिला आक्षेप हाच होता, की चार अंशांवर का केलं नाही? पुढे एका तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी माझ्या विद्यार्थिनीला याच प्रश्नावर सगळ्यांसमोर गप्प बसवलं. तिने एन्ट्रॉपीचं उत्तर अचूक दिलं होतं. ते ऐकून घेण्याचीही तयारी त्यांची नव्हती. त्याचा राग मला आजही आहे.

दुसरी तक्रार ‘रूम टेंपरेचर’ या दोन शब्दांविषयी. उप्सालातली खोली आणि मे महिन्यातली अकोल्यातली खोली एक नव्हे. जानेवारीत वाहून जाणारं प्रथिन मे महिन्यात नुसत्या पाण्यानेही सुटत नाही, इथिलीन ग्लायकोल घालावं लागतं. त्यातून खोली फारच तापली तर प्रथिन उलगडू लागतं, आतला तेलकट भाग उघडा पडतो आणि ते कॉलमला कायमचं चिकटतं. म्हणून कॉलम उन्हाळ्याच्या भरवशावर सोडा, असं मी म्हणत नाही. त्याला पाण्याचं जॅकेट घाला, पंचवीस अंशांवर स्थिर ठेवा आणि आकडा लिहून ठेवा.

हल्लीच्या मुलांना हिस्टिडिन टॅग आणि निकेल कॉलम तेवढा येतो. टॅग सोयीचा आहे. पण शेंगेतून, पपईच्या चिकातून, बुरशीच्या माध्यमातून निघणाऱ्या प्रथिनाला टॅग नसतो, आणि त्याच्या पृष्ठभागाशी ओळख करून घेण्याचं कसब आपल्या प्रयोगशाळांतून जाताना मी पाहतो आहे. आमचे गुरुजी नुसत्या साक्याच्या पोतावरून पुढचा कॉलम कोणता ते सांगत.

परिषदेने एक सामाईक नोंदवही काढावी, असं मला वाटतं. प्रथिन, रेझिन, क्षार, तापमान आणि फसलेला प्रयोगसुद्धा त्यात यावा. पदव्युत्तर अभ्यासक्रमातल्या प्रात्यक्षिकाचाही विचार करावा लागेल. तपशील कार्यकारिणीने ठरवावेत. माझ्या जुन्या वह्या मी देईन.

आता पहिल्या सत्रातल्या वक्त्यांना विनंती आहे. पडद्यावर बफर दाखवाल तेव्हा कॉलमचं तापमानही सांगा. ते नसेल, तर प्रश्नोत्तरांत पहिला हात माझा असेल.