पुढे जाण्याची घाई

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात रिसोड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी शिक्षणावर बोलेन अशी त्यांची कल्पना असावी. उभा जन्म फळ्यापुढे गेलेला मनुष्य दुसरे काय बोलणार, असेही कोणास वाटेल. परंतु शिक्षणावर बोलणारी माझ्याहून अधिक शिकलेली मंडळी या सभेत पुष्कळ आहेत. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. म्हणून आज मी रस्त्याविषयी बोलणार आहे. रिसोडहून वाशीम, मालेगाव, मेहकर, लोणार, सेनगाव अशा चहू दिशांना जे रस्ते जातात, ज्यांवरून आपण सर्वजण आजच्या या संमेलनास आलात आणि सायंकाळी परत जाणार आहात, त्या रस्त्यांविषयी.

या रस्त्यांचे स्वरूप आपणांस ठाऊकच आहे. मध्ये दुभाजक नाही. जाणारा आणि येणारा दोघेही एकाच डांबरावर. जेथे रस्ता चांगला आहे तेथे तो सात मीटर रुंद असतो, म्हणजे प्रत्येकास साडेतीन मीटर. अनेक ठिकाणी तो साडेपाच मीटरच भरतो आणि खेड्याकडे वळलेला फाटा तर पावणेचार मीटरांचा. डांबराच्या दोन्ही अंगांस जी साईडपट्टी असावी ती आपल्या काळ्या मातीत टिकत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि डांबराची कड उघडी पडून तेथे वीतभर खोल पायरी तयार होते. शहराकडील पाहुणे विचारतात, तुमचे ट्रॅक्टरवाले खाली उतरून वाट का देत नाहीत? त्यांना सांगावे की, भरलेली ट्रॉली एकदा त्या चिखलात उतरली म्हणजे ती कलंडते, आणि न कलंडली तरी दुसरा ट्रॅक्टर आणल्यावाचून वर येत नाही. वाट न देणारा प्रत्येक मनुष्य उर्मट असतो असे नाही.

या एवढ्या डांबरावर कोण कोण चालते? बैलगाडी अजूनही चालते, संख्येने पूर्वीइतकी नसली तरी. सोयाबीनची पोती घेऊन बाजार समितीकडे निघालेला ट्रॅक्टर चालतो. शेळ्यामेंढ्यांचे कळप, सायकलीवरील शाळकरी मुली, मोटारसायकलीवर बसलेले चौघांचे कुटुंब, काळीपिवळी, एस.टी., मालट्रक आणि या सर्वांच्या मागे हॉर्न वाजवीत आपली मोटार. ताशी चार किलोमीटरांपासून ऐंशी किलोमीटरांपर्यंतच्या सर्व गती एकाच पट्ट्यावर नांदतात. प्रश्नाचे मूळ येथे आहे. केवळ वेगात ते नाही आणि केवळ संथपणातही नाही.

आता मी माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती सांगण्यास मला संकोच वाटतो, तथापि ती न सांगता पुढचे बोललो तर ते कोरडे उपदेश ठरतील.

२०१८ सालच्या मार्गशीर्षातील लग्नतिथी होती. लोणारच्या रस्त्याने आम्ही एका लग्नास निघालो होतो. गाडी भाच्याची, चालवीत तोच होता. मी पुढे त्याच्या शेजारी आणि मागे घरची मंडळी. निघावयास उशीर झाला होता, त्याचे कारण मीच. माझी पूजा लांबली होती. वाटेत कुटाराने भरलेली एक ट्रॉली लागली. कुटाराची ट्रॉली कशी असते ते आपण जाणता. जाळीतून दोन्ही बाजूंस हात-हात फुगलेली, मागच्यास पुढचे काही म्हणता काही दिसू देत नाही. भाचा समंजस मुलगा, तो मागे राहिला. मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, “काढ ना बापू पुढं, मुहूर्त टळून जाईन.” तो म्हणाला, “मामा, पुढचं दिसत नाही.” मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्या खेपेस त्याने गाडी उजवीकडे घेतली.

समोरून मोटारसायकल येत होती. नवरा, बायको आणि मध्ये दोन वर्षांचे मूल. त्या मनुष्याने प्रसंगावधान राखून गाडी डांबराखाली घातली, म्हणून आज मी आपल्यापुढे उभा राहून बोलू शकतो. परंतु ती जी पायरी मी मघाशी सांगितली, तीवरून ते तिघे पडले. मुलास खरचटलेही नाही. बाईचा उजवा हात कोपरात मोडला. आम्ही त्यांस आमच्याच गाडीत घालून दवाखान्यात नेले, पोलिसांत वर्दी दिली. हे करण्यात आम्ही काही विशेष केले असे नाही, कायदाच चालकावर ते कर्तव्य घालतो. दवाखान्याच्या ओट्यावर मी त्या मनुष्याजवळ बसलो आणि काही बोलावे म्हणून म्हणालो, लग्नाची घाई होती हो. त्याने माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाला, “गुर्जी, घाई त आमाले बी होती.” मूल तापाने फणफणले होते. ते त्याला डॉक्टरकडेच नेत होते.

लग्न आमच्यावाचून लागले. मुहूर्त टळला नाही. विम्याचे पैसे यथाकाल मिळाले. परंतु त्या बाईचा हात पुरता सरळ होत नाही आणि निंदणीखुरपणीस ती पूर्वीसारखी जाऊ शकत नाही. मी अधूनमधून त्यांच्या गावी जातो. ते मला चहा देतात.

घरी आल्यावर काही दिवसांनी मी पाटी घेऊन बसलो. मी इयत्ता सातवीस काळ, काम, वेगाची उदाहरणे वर्षानुवर्षे शिकविली, परंतु हे उदाहरण कधी घातले नव्हते. ते आपणांपुढे मांडतो. ट्रॅक्टर ताशी वीस किलोमीटरांनी चालला आहे. पुढे एक किलोमीटरावर सरळ, उघडा रस्ता आहे असे समजा. तेथवर त्याच्या मागे राहिलो तर तीन मिनिटे लागतात. साठाच्या वेगाने गेलो असतो तर एक मिनिट लागले असते. म्हणजे थांबण्याचे मोल दोन मिनिटे. मी त्या बाईचा हात दोन मिनिटांसाठी मोडला.

आता ओव्हरटेक करण्यास रस्ता किती लागतो ते पाहू. ट्रॅक्टरामागे रांगणारी गाडी वेग वाढवीत सरासरी चाळिसाने पुढे निघते असे धरा. मागचे अंतर, ट्रॅक्टर-ट्रॉलीची लांबी, आपल्या गाडीची लांबी आणि पुढे सुरक्षित आत येण्याचे अंतर मिळून पंचेचाळीस मीटर अधिक तोडावे लागतात. दोहोंच्या गतींतील फरक ताशी वीस किलोमीटर, म्हणून आठ सेकंद. या आठ सेकंदांत आपण नव्वद मीटर जातो आणि समोरून साठाने येणारी एस.टी. एकशे तेहेतीस मीटर येते. बेरीज सव्वादोनशे मीटरांच्या जवळ. एवढा रस्ता मोकळा दिसत असेल तरच सुकाणू उजवीकडे वळवावे. नुसते समोर वाहन दिसत नाही हे पुरत नाही, समोरचा रस्ता दिसतो आहे का, हे पाहावयाचे असते. मला त्या दिवशी कुटार दिसत होते.

दुसरे उदाहरण याहून बोधप्रद आहे. पुढे ट्रॅक्टर नसून पन्नासाने चाललेला मालट्रक आहे आणि आपण साठाने त्याच्या पुढे जाऊ इच्छितो. फरक दहाचाच. पन्नास मीटर अधिक तोडावयास अठरा सेकंद लागतात. तेवढ्यात आपण तीनशे मीटर जातो आणि समोरचा साठाने आला तर तोही तीनशे मीटर येतो. म्हणजे सहाशे मीटर! आणि एवढे करून मिळविले काय? चाळीस किलोमीटरांच्या प्रवासात पन्नासाच्या जागी साठ म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या जागी चाळीस. आठ मिनिटे, तीही वाटेत दुसरा ट्रक लागला नाही तर. ज्याला मागे टाकण्यात लाभ सर्वांत थोडा, त्यालाच मागे टाकण्यास रस्ता सर्वांत लांब लागतो, हे गणित मला साठी उलटल्यावर कळले. रस्ते बांधणाऱ्यांना ते केव्हाच ठाऊक होते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या प्रमाणांत ताशी ऐंशीच्या रस्त्यावर थांबण्यासाठी एकशेवीस मीटर दृष्टी पुरते असे धरले आहे, परंतु ओव्हरटेक करण्यासाठी चारशे सत्तर मीटर मागितले आहेत. जवळजवळ चौपट. आपल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर चारशे सत्तर मीटर कोठे दिसतात ते आपणच आठवून पाहावे.

कायद्याविषयी थोडेच बोलतो. २०१८ सालच्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे दुभाजक नसलेल्या अशा रस्त्यांवर मोटारीस ताशी सत्तर, बस व मालट्रक यांस साठ आणि मोटारसायकलीसही साठ अशी कमाल मर्यादा आहे. ही कमाल आहे. तेवढ्याने चाललेच पाहिजे असा तिचा अर्थ नव्हे. वळणावर, चढावर, पुलावर आणि पुढचे दिसत नसेल तेथे ओव्हरटेक वर्ज्य आहे, आणि आपणांस कोणी मागे टाकू लागला असता आपला वेग वाढविणे हाही दोष आहे. या दुसऱ्या कलमाकडे आपल्या तरुणांनी लक्ष द्यावे. मागचा पुढे जाऊ लागला की ज्यांचा पाय आपोआप दाबला जातो, असे वीर आपल्या ज्ञातीतही आहेत, नावे घेत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खाती मांडले गेले. पंचनाम्यातील भाषा ठरीव असते, म्हणून या टक्केवारीस मी वेदवाक्य मानीत नाही. मेलेल्यांची संख्या मात्र मानावीच लागते.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जाऊ लागल्यापासून एक नवी अडचण उद्भवली आहे. त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, संपूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये. तेथे मोटारीस ताशी एकशेवीसची मुभा, समोरून कोणी येत नाही, बैलगाडी नाही, ट्रॅक्टर नाही. दोन-तीन तास त्या वेगाने आलेला मनुष्य खाली उतरून आपल्या रस्त्यास लागतो, तेव्हा ऐंशीचा वेग त्याला रांगण्यासारखा वाटतो. डोळ्यांना वेगाची सवय लागलेली असते. पुण्यामुंबईहून दिवाळीस येणाऱ्या आपल्या मुलांना वडीलधाऱ्यांनी एवढे तरी सांगावे की, महामार्गावरून उतरल्यावर दहा मिनिटे चहास थांबा आणि मग गावाकडे या.

संथ चालणाऱ्यांकडेही दोष आहेत. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, म्हणून ते बोलण्याचा मला अधिकार आहे. ट्रॉलीस मागे दिवा नाही. अंधार पडल्यावर ती दिसत नाही, जवळ गेल्यावर एकदम भिंत उभी राहावी तशी पुढे येते. ट्रॅक्टरावर गाणी इतक्या मोठ्याने लावलेली की मागच्याचा हॉर्न ऐकू जात नाही. आणि खुणांचा तर गोंधळच आहे. एक चालक उजवा दिवा लावून “या पुढे” म्हणतो, दुसरा तोच दिवा लावून “थांबा, समोरून येत आहे” म्हणतो, आणि तिसरा खरोखरच उजवीकडे शेतात वळतो! यास्तव दुसऱ्याच्या दिव्यावर विश्वासून पुढे जाऊ नये, स्वतःच्या डोळ्यांवर जावे. ट्रकांच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास महाराष्ट्रात २०१५ साली बंदी झाली. ते बरे झाले. हॉर्न वाजविला म्हणजे वाट मिळालीच, अशी त्या तीन शब्दांनी अनेकांची समजूत करून दिली होती.

येथे मला दरवर्षीचे एक दृश्य आठवते. शेगावहून पंढरपुरास जाणारी श्रीगजानन महाराजांची पालखी शिरपूरवरून रिसोडास येते आणि पुढे पानकनेरगाव, सेनगावकडे जाते. हजारो पावले रस्त्यावर असतात. मागे मोटारी, ट्रक, एस.टी. यांची रांग लागते. कोणी हॉर्न वाजवीत नाही. चालक खाली उतरतात, हात जोडतात, कोणी वारकऱ्यांस केळी देतात. अर्धा अर्धा तास जातो आणि कोणाचा मुहूर्त टळत नाही. याचा अर्थ आपल्याला थांबता येते. परंतु दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर एकटा म्हातारा बैलगाडी घेऊन निघाला की तेच आपण हॉर्नवर हात दाबून धरतो. यावर मी अधिक काही बोलत नाही.

आता आपल्या मंडळापुरते. गाडी चालविणाऱ्याचा अपराध आपण सारेच पाहतो, शेजारी बसून त्याला टोचणाऱ्याचा कोणी पाहत नाही. आपल्याकडे तरुण मुलगा चालवीत असतो आणि मामा, काका, सासरे बसलेले असतात. त्याला “नाही” म्हणणे जड जाते. तरी माझ्या भाच्याने दोनदा म्हटले होते. लग्नपत्रिकेत गोरज मुहूर्त छापून प्रत्यक्षात अक्षता रात्री आठास पडतात हे आपण जाणतो, आणि तरीही वऱ्हाडाची गाडी जिवावर उदार होऊन धावते. माझी कार्यकारिणीस विनंती आहे की, आपल्या सामुदायिक विवाहात लांबून येणाऱ्या वऱ्हाडाने आदल्या रात्रीच मुक्कामास यावे, आणि त्यांच्या निवासाचा खर्च मंडळाने सोसावा. मागील वर्षी मंडपाच्या कमानीवर जो खर्च झाला, त्यातील थोडा याकडे वळविला तर भागेल. कमान सुंदर होती हे मी नाकारीत नाही.

दुसरे असे की, सोयाबीनचा हंगाम तोंडावर आहे. ट्रॉलीस लावावयाच्या चकाकणाऱ्या पट्ट्या मी आणल्या आहेत. मागे लाल, बाजूंस पिवळी आणि पुढे पांढरी लावावयाची. पेन्शनीतून जेवढ्या घेता आल्या तेवढ्या घेतल्या, साधारण तीस ट्रॉल्यांस पुरतील. त्या बाहेर, पादत्राणे ठेवली आहेत तेथल्या टेबलावर आहेत. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी जेवणापूर्वी नाव लिहून न्याव्यात. माझा भाचाही तेथेच बसला आहे, पट्टी कशी चिकटवावयाची ते तो दाखवील.