जुगाराचा कायदा : कोणासाठी?

कुरखेडा भागात धानकापणीच्या मजुरीतून कोंबडबाजारात पैज लावणारा शेतमजूर १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यान्वये आरोपी ठरतो. त्याच राज्याच्या शासनाने १९६९ साली स्वतःची लॉटरी काढली! घटनेने जुगार हा विषय राज्यसूचीत, ३४ व्या नोंदीत घातल्यामुळे नीतीही हद्दीगणिक पालटते. गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील जुगारयंत्रांना, पुढे जहाजांवरील कॅसिनोंना मुभा देऊन महसुलाची वाट धरली. महाराष्ट्राने १९७६ चा कॅसिनो कायदा अमलात न आणताच २०२३ मध्ये रद्द केला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना देशभर मनाई केली खरी. परंतु मांडवीतील जहाजे त्या कायद्याबाहेरच राहिली, आणि इकडे धाड पडली की जप्त होते ती शेतमजुराची मजुरी.