सावली कोणाच्या वाट्याची?

(अमरावती येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गाचा विषय 'शहरातील झाडे आणि नागरी जीवन' असा आहे हे वाचून काही साथींना नवल वाटले असेल. महागाई, बेकारी, कापसाचा भाव हे सारे प्रश्न बाजूला सारून आपण आता बागकामाला लागलो की काय, अशी शंका कोणी घेतली तर मी तिला अस्थानी म्हणणार नाही. वृक्षारोपण हा शब्दच आपल्याकडे मंत्र्यांच्या हातातील झारीशी आणि छायाचित्रकाराच्या लगबगीशी इतका जोडला गेला आहे की, कष्टकऱ्यांच्या जीवनाशी त्याचा काही संबंध असेल असे कोणालाही चटकन वाटत नाही. हा संबंध आहे, आणि तो थेट भाकरीइतका निकटचा आहे, एवढेच आज मला मांडावयाचे आहे.

प्रथम उन्हाचा विचार करू. वऱ्हाडच्या माणसाला उन्हाळा नवा नाही. परंतु 2024 च्या मे महिन्यात अकोल्यात जे घडले ते नवे होते. पारा 45 अंशांच्या पलीकडे गेला आणि जिल्हा प्रशासनाने 144 वे कलम लागू केले. दंग्याधोप्यासाठी राखलेले हे कलम उन्हासाठी वापरावे लागले. मालकांनी कामगारांना पिण्याचे पाणी व पंखे द्यावेत, भर उन्हाच्या वेळात शिकवणी वर्ग बंद ठेवावेत, असे त्या आदेशात होते. आदेश योग्यच होता. पण कापूसबाजारातील हमाल, इमारतीवर घमेली वाहणारी बाई, हातगाडीवर केळी विकणारा, सायकलरिक्षा ओढणारा यांचा 'मालक' कोण? त्यांना पंखा कोणी द्यावयाचा? त्यांच्या डोक्यावर पंखा नसतो. असलाच तर एखादा कडुनिंब असतो, आणि रस्तारुंदीकरणात पहिला बळी त्या कडुनिंबाचाच जातो.

झाडाचे काम केवळ सावली देण्याचे नसते. पानांतून वाफ होऊन जाणारे पाणी भोवतालची उष्णता शोषून घेते, त्यामुळे हवा खरोखर थंड होते. याउलट काँक्रीट, डांबर आणि टिनाचे पत्रे दिवसभर तापतात. त्यांपैकी काँक्रीट तर ती उष्णता साठवून रात्रभर परत देत राहते. ज्याच्या घरात कूलर आहे तो ही रात्र काढतो. पत्र्याखाली सहा माणसे झोपतात त्या घरात झोप लागत नाही, आणि झोप न झालेला मजूर दुसऱ्या दिवशी अर्ध्या अंगाने कामावर जातो. म्हणजे सावली नसणे ही मजुरीतली कपातच होय. तिची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही, एवढेच.

आता आपली शहरे पाहू. 2011 च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या सुमारे 6 लाख 47 हजार होती. या शहराला निसर्गाने आणि इतिहासाने पुष्कळ दिले आहे. पूर्वेला पोहरा-मालखेडचे राखीव जंगल अगदी शहराला टेकलेले आहे. वडाळी आणि छत्री हे दोन तलाव इंग्रजी अमदानीत शहराला पाणी पुरविण्यासाठी बांधले गेले. आज ते पाणी सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून येते. कॅम्प भागात साहेबांच्या बंगल्यांसाठी लावलेली जुनी झाडे अजून उभी आहेत. स्वच्छ वायू सर्वेक्षणात 3 ते 10 लाख लोकवस्तीच्या शहरांत अमरावती 2023 मध्ये देशात पहिली आली आणि 2025 मध्ये पुन्हा पहिली आली. याचा आनंद आपण मानलाच पाहिजे. यात पहाटे रस्ते झाडणाऱ्या सफाई कामगारांचा वाटा पहिला आहे हेही आपणच मोठ्याने सांगितले पाहिजे.

परंतु बक्षीस सरासरीला मिळते आणि माणूस गल्लीत राहतो. जंगल पूर्वेला आहे म्हणून परकोटाच्या आतील बुधवाऱ्यात किंवा बडनेऱ्याच्या दाट वस्तीत सावली पोहोचत नाही. तेथे झाड लावायला हातभर मोकळी माती उरलेली नाही. अकोल्यातही सिव्हिल लाइन्समधला रस्ता आणि अकोट फैलातील किंवा जुन्या शहरातील बोळ यांवरून मे महिन्यात दुपारी एकदा चालून पाहा. श्रीमंती आणि गरिबी यांच्यामधील रेषा तळपायांना कळते.

ही रेषा केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे. अमेरिकेत 1930 च्या दशकात शहरांचे नकाशे रंगविण्यात आले. कृष्णवर्णीयांच्या व गरीब वस्त्यांवर लाल रंग फिरवून तेथे घरकर्ज देणे धोक्याचे ठरविण्यात आले. 2020 मध्ये अशा 108 शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात त्या लाल वस्त्या इतर वस्त्यांहून सरासरी सुमारे 2.6 अंश सेल्सिअसने अधिक तापतात असे आढळले. कर्ज नाकारले गेले, म्हणून बाग झाली नाही, झाडे आली नाहीत, आणि जवळजवळ शंभर वर्षांनंतर नातवंडे त्या नकाशाचे ऊन सोसत आहेत. ऊन आकाशातून पडते हे खरे, पण ते कोणावर किती पडावे हे माणसांचे निर्णय ठरवितात.

याच देशातील मिशिगन सरोवराच्या काठचे मिलवॉकी हे कारखान्यांचे शहर आपल्या चळवळीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेथे 1910 मध्ये एमिल सायडेल हा समाजवादी महापौर निवडून आला. पुढे डॅनियल होन 1916 पासून 1940 पर्यंत सलग 24 वर्षे आणि फ्रँक झायडलर 1948 ते 1960 या काळात महापौर होते. क्रांतीची भाषा करणारे त्यांचेच काही पक्षबंधू त्यांना 'गटारवाले समाजवादी' म्हणून हिणवीत, कारण ही मंडळी नळ, गटारे, दवाखाने आणि बागा यांविषयी बोलत. त्यांच्यातल्याच चार्ल्स व्हिटनॉल या कार्यकर्त्याने 1923 मध्ये एक आराखडा पुढे आणला. त्यात नद्या-ओढ्यांच्या काठची जमीन सार्वजनिक मालकीत घ्यावी, तेथे सलग हिरवे पट्टे राखावेत, पूर आला तर पाण्याला पसरायला जागा राहील आणि एरवी कामगाराला मोकळ्या हवेत बसता येईल, असा विचार होता. त्यातील मोठा भाग प्रत्यक्षात आला. मात्र तेच मिलवॉकी पुढे वंशभेदाने वस्त्या तोडलेल्या शहरांत गणले गेले, हेही विसरता कामा नये. हिरवळ निर्माण करणे आणि ती समान वाटणे ही दोन निराळी कामे आहेत. दुसरे काम पहिल्याच्या मागून आपोआप येत नाही.

आता आपल्या मोर्णेकडे वळू. अकोला शहराच्या मध्यातून वाहणारी ही नदी जलकुंभीने आणि कचऱ्याने गुदमरली होती. 13 जानेवारी 2018 रोजी तत्कालीन जिल्हाधिकारी आस्तिककुमार पाण्डेय यांच्या पुढाकाराने स्वच्छता मोहीम सुरू झाली. हजारो नागरिक, शंभराहून अधिक संस्था, विद्यार्थी, वृद्ध, स्त्रिया नदीत उतरल्या. पुढील शनिवारीही काम चालले. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून तिचा उल्लेख केला. ज्या शहराविषयी 'येथे कोणी कोणासाठी पुढे येत नाही' असे म्हटले जाते, त्या शहराने आपले हात घाण पाण्यात घातले. ही घटना लहान नव्हे. लोक उदासीन असतात ही सबब त्या दिवशी कायमची निकालात निघाली.

पण त्यातून दोन धडे घ्यावे लागतील. एक, जलकुंभी हा रोग नसून लक्षण आहे. शहरातील नाल्यांचे सांडपाणी ज्या नदीत सरळ येते, तेथे त्या वनस्पतीला खत आयते मिळते. हाताने उपटलेली जलकुंभी पुन्हा येणारच. ती थांबवावयाची तर सांडपाण्याचे शुद्धीकरण हवे, आणि ते श्रमदानाने होत नाही. त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद लागते. दोन, मोहीम अधिकाऱ्याच्या पुढाकारावर उभी असेल तर बदलीचा हुकूम आला की ती खचते. अधिकारी येतात नि जातात. नदी आणि तिच्या काठचे लोक मात्र येथेच राहतात. जुलै 2021 मध्ये मोर्णेला पूर येऊन काठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा चिखल उपसायला तेच लोक होते.

म्हणून प्रश्न झाडाचा असला तरी तो सत्तेचा प्रश्न आहे. आणि येथे कायदा आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम 1975 पासून आहे. त्याने वृक्ष प्राधिकरण निर्माण केले, झाडांची गणना बंधनकारक केली. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी रोपे लावावीत असे ठरविले. घरपट्टीबरोबर आपण वृक्षकर भरतो. 74 व्या घटनादुरुस्तीने, जी 1993 पासून अमलात आली, नागरी वनीकरण आणि उद्याने हे विषय नगरसंस्थांच्या यादीत घातले आणि मोठ्या शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या. 2009 मध्ये राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेचीही तरतूद आली. ही क्षेत्रसभा भरलेली आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? उलट मार्च 2022 मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेले सभागृहच नव्हते. प्रशासक हाच सभागृह, प्रशासक हीच समिती. अशा काळात झाड तोडण्याला हरकत घ्यावयाची तर नागरिकाने ज्याने प्रस्ताव आणला त्याच्याकडेच जावयाचे!

राज्य सरकारने 2016 ते 2019 या चार वर्षांत 2, 4, 13 आणि 33 कोटी अशी वाढती उद्दिष्टे ठेवून 50 कोटींहून अधिक वृक्षलागवडीची घोषणा केली होती. 2021 मध्ये त्या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमण्याची वेळ आली. लावलेल्या झाडांची संख्या मोजणे सोपे असते. तिसऱ्या उन्हाळ्यात जगलेली झाडे मोजणे गैरसोयीचे असते. आपण ती गैरसोय करावी.

मग कार्यकर्त्याने नेमके काय करावयाचे? आपल्या वस्तीतील प्रत्येक झाडाची नोंद आपणच करावी आणि ती महापालिकेच्या वृक्षगणनेशी ताडून पाहावी. वृक्षकराचा पैसा कोणत्या प्रभागात किती खर्च झाला याचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागावा. झाडांच्या बुंध्यांना आवळणारे काँक्रीट काढून घ्यावे. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीसाठी बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता, तोच नियम येथे का नको? दिखाऊ, झटपट वाढणाऱ्या परदेशी जातींऐवजी कडुनिंब, करंज, चिंच, पिंपळ, बहावा यांचा आग्रह धरावा. खड्डे वैशाखात खणून तापू द्यावेत, रोप पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोवळी मुळे उघडी पडतात, म्हणून आळ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन आणि किमान दोन उन्हाळे पाणी ही अट समजावी. आणि हे पाणी घालण्याचे काम फुकटच्या श्रमदानावर न ढकलता वस्तीतील स्त्रियांना महापालिकेने रोजंदारीने द्यावे, ही आपली मागणी असली पाहिजे.

एक सावधगिरीही सांगतो. उद्या मोर्णेच्या किंवा अंबानाल्याच्या काठी सुशोभीकरणाचा आराखडा येईल आणि हिरवळीच्या नावाखाली पहिली नोटीस झोपडीला मिळेल. अहमदाबादेत साबरमतीच्या काठावरून हजारो कुटुंबे अशीच उठविली गेली. पुराच्या वाटेतील घरे हलवावी लागतील हे आपण नाकारू नये. पण ती जवळच, कामाच्या अंतरात आणि पक्क्या हक्काने वसविल्याखेरीज एकही हलू देऊ नये. ज्या बागेत फेरीवाल्याला आणि झोपडीतल्या मुलाला मज्जाव आहे ती बाग आपली नव्हे.

गाडगेबाबांनी या अमरावतीच्या वाटेवरच 20 डिसेंबर 1956 रोजी देह ठेवला. दिवसा गाव झाडावयाचे आणि रात्री कीर्तनातून त्याच गावाला प्रश्न विचारावयाचे, हा त्यांचा क्रम होता. हातात झाडू होता म्हणून त्यांच्या प्रश्नाला वजन होते, आणि प्रश्न होता म्हणून तो झाडू केवळ सेवेचा राहिला नाही. तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी वसाहत उभी केली. वझ्झरला शंकरबाबा पापळकरांच्या बेवारस, दिव्यांग मुलांनी ओसाड टेकडीवर हजारो झाडे जगविली, आणि 2024 मध्ये शासनाने शंकरबाबांना पद्मश्री दिली. ज्यांना समाजाने टाकले त्यांनी समाजाला सावली दिली, ही वऱ्हाडची परंपरा आहे. तिच्यापुढे नुसते हात जोडून भागणार नाही. हे काम काही थोर माणसांच्या पुण्याईवर न ठेवता नगरसंस्थेच्या रोजच्या कर्तव्यात आणणे, हा आपला भाग आहे.

येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाखेने एक वस्ती निवडावी, तेथील झाडे मोजावीत आणि वस्तीची सभा बोलवावी. त्या सभेत पहिला प्रश्न एवढाच ठेवावा : दुपारी बारा वाजता आपल्या वस्तीतला माणूस कोठे उभा राहतो? उत्तर आले की पुढचा ठराव लोकच लिहितील.