शाळेचा ग्रुप आणि सम्यक् वाचा

(शिक्षक व पालक यांच्या सभेत केलेले भाषण)



आजचा विषय काही जणांना क्षुल्लक वाटेल. धर्मांतर, राखीव जागा, जमीन, अत्याचार हे आपले नित्याचे विषय होत. त्यांच्या पंक्तीत शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप कशाला बसवावयाचा, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, जेथे मूल आहे आणि त्याच्यावर अधिकार चालविणारा शिक्षक आहे, तेथील प्रत्येक व्यवहार हा हक्काचाच प्रश्न असतो. पूर्वी शाळा चार भिंतींत संपत असे. आज ती मुलाच्या पाठोपाठ घरी येते आणि आईच्या हातातील फोनमध्ये रात्री दहा वाजताही उघडी असते. शाळेच्या खोलीत जी समता आपण मागतो, तीच या नव्या खोलीतही मागितली पाहिजे.

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत इतर मुलांपासून दूर, तरटाच्या तुकड्यावर बसावे लागे. ते तरट रोज घरी न्यावे लागे व दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला शिवत नसे. नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लिखाणात त्यांनी हे नमूद करून ठेवले आहे. त्या तरटाचे खरे कार्य कोणते होते? वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला, एक शब्दही न बोलता, हे मूल कोणत्या जातीचे आहे ते सांगणे, हेच त्याचे कार्य होते.

आता आपल्या फोनकडे पाहा. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस आले की वर्गाच्या ग्रुपवर यादी झळकते: खालील विद्यार्थ्यांनी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला व बँकेचे पासबुक त्वरित आणून द्यावे. खाली नावे, आणि कित्येकदा नावापुढे जात. ग्रुपमध्ये वर्गातील सर्व मुलांचे पालक आहेत. म्हणजे गावाचा मोठा भागच त्यात आहे. एका बोटाच्या हालचालीने ती यादी दुसऱ्या ग्रुपवर जाते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कोणी मुलगा म्हणतो, “तुम्हांला काय, सरकारचे पैसे मिळतात!” तरट शाळेतून हद्दपार झाले असे आपण म्हणतो. ते तर फोनच्या पडद्यावर अंथरले गेले आहे!

आपल्या समाजापुरता या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आपल्या आजोबा-पणजोबांनी बुद्धाला शरण जाऊन जातीचा त्याग केला. त्यानंतर अनुसूचित जातींसाठी असलेल्या केंद्रीय सवलतींना बौद्धांनाही पात्र ठरविणारी दुरुस्ती होण्यास १९९० साल उजाडले. तरीही दाखल्यावर पूर्वाश्रमीच्या जातीचा उल्लेख लागतोच. तो उल्लेख आपण करू देतो, कारण अन्यायाची भरपाई मागण्यासाठी अन्यायाचे नाव सांगावे लागते. परंतु हे सांगणे एका कार्यालयाला, एका प्रयोजनासाठी असते. जो शिक्षक ते नाव साऱ्या ग्रुपपुढे मांडतो, तो टाकून दिलेली जात मुलाच्या गळ्यात पुन्हा बांधतो. दाखला कार्यालयासाठी दिला आहे, चव्हाट्यासाठी नव्हे; हे एकच वाक्य आपण घरी घेऊन गेलात तरी माझे काम झाले.

शिक्षक म्हणतील, आमचा हेतू वाईट नसतो. वरून मुदत येते, माहिती तातडीने मागितली जाते, आणि ग्रुप हा सर्वांत जलद मार्ग आहे. शिक्षकांवरील कामाचा बोजा मी जाणतो. परंतु मुलाचा स्वाभिमान गमावून वाचविलेला वेळ ही बचत नव्हे. वीस पालकांना वेगवेगळे निरोप पाठविण्यास अर्धा तास लागेल. मधल्या सुट्टीत झालेला अपमान जन्मभर पुरतो.

हेच छायाचित्रांचे. गणवेश, वह्या, सायकली वाटल्या जातात. देणारे मध्ये हसत उभे राहतात, घेणारे मूल कडेला मान खाली घालून. ते चित्र फेसबुकवर जाते. मुलाला कोणी विचारले होते काय? दानाचे मोल घेणाऱ्याच्या चेहऱ्याने वसूल करावयाचे असेल, तर ते दान नसून सौदा होय.

कायदा याबाबतीत मुका नाही. राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि कोणत्याही रूपाने ती पाळण्यास मनाई केली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तो हक्क मुलालाही आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घातले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांनुसार त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी केलेल्या जातीय अपमानाला गुन्हा मानतो, आणि इंटरनेटवरून केलेला अपमानही त्यात मोडू शकतो असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले आहे. तमिळनाडूत नांगुनेरी येथे २०२३ साली शाळकरी मुलांनीच आपल्या दलित सहाध्यायावर घरात शिरून शस्त्राने हल्ला केला. त्यानंतर नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती चंद्रू यांच्या समितीने २०२४ साली, हजेरीपत्रकात जातीचा रकाना असू नये अशी शिफारस केली. जे हजेरीपत्रकात नको, ते ग्रुपवर कसे चालेल?

काही जण म्हणतात, मुलांच्या हातातून हे माध्यमच काढून घ्यावे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी घातली. त्या उपायाचा विचार जरूर व्हावा. परंतु शिष्यवृत्तीची यादी मुलांनी टाकलेली नसते. ती मोठ्यांनी टाकलेली असते. मोठ्यांच्या बोटाला कोणते वय लावावयाचे?

येथे कायद्याची मर्यादा येते. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावरील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की, हक्कांचे खरे रक्षण कायद्याने होत नाही, ते समाजाच्या सामाजिक व नैतिक विवेकबुद्धीने होते. ही बुद्धी कशी घडवावी, हे धम्म सांगतो. भगवान बुद्धांनी आपला लहान मुलगा राहुल यास आरशाची उपमा दिली. आरसा जसा पाहण्यासाठी, तसे प्रत्येक कर्म, मग ते कायेचे असो, वाचेचे असो वा मनाचे, करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तपासून पाहावे: याने मला वा दुसऱ्याला पीडा होते काय? संदेश पाठविण्यापूर्वी हा आरसा समोर धरण्यास एक क्षण पुरतो. खोटे, चहाडी, कठोर बोलणे आणि वायफळ बडबड यांपासून दूर राहणे ही सम्यक् वाचा. अंगठ्याने लिहिलेली वाचाही वाचाच होय.

आणि हा आरसा आपल्याही घरात टांगला पाहिजे. आपली तरुण मुले दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करणारी चित्रे पुढे पाठवितात. बाबासाहेबांनी कधी न उच्चारलेली वाक्ये त्यांच्या नावावर खपवितात. चिकित्सा हा आपला हक्क आहे, शिवीगाळ नव्हे. ज्याने पंचशील घेतले, त्याला असत्य पुढे ढकलण्याची सवलत नाही.

म्हणून प्रत्येक शाळेच्या शिक्षक-पालक सभेत पुढील पाच गोष्टी ठरवून घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे.

१. जात, शिष्यवृत्ती, थकलेली फी व गुण यांविषयी ग्रुपवर काहीही लिहू नये. संबंधित पालकाला एकट्याला कळवावे.

२. पालकाची लेखी संमती व मुलाचा होकार यांवाचून छायाचित्र प्रसिद्ध करू नये. मदत घेतानाचे तर मुळीच नको.

३. ग्रुपवरील प्रत्येक सूचना फळ्यावरही लिहावी. ज्या घरात एकच फोन आहे व तो बापाबरोबर कामावर जातो, त्या घरातील मुलाचा अभ्यास बुडता कामा नये.

४. जातीवरून कोणी टोमणा मारला तर मजकूर तारखेसह जपून ठेवावा व मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्यावी. ‘मुलांची गंमत’ म्हणून ती झटकू नये. चुकलेला मुलगाही मूलच आहे. त्याला सुधारावे, पण मौनाने पाठीशी घालू नये.

५. वरील नियम शिक्षक, पालक व विद्यार्थी या सर्वांना सारखे लागू असावेत.

यांपैकी एकाही गोष्टीला पैसा लागत नाही, सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले ते १९२० साली, ज्यांना बोलण्याची सोय नव्हती त्यांच्यासाठी. आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. तो दुबळ्याची वाचा व्हावा की दुबळ्याचे तरट व्हावा, हे आपणा प्रत्येकाच्या हाती आहे. पुढचा संदेश पाठविण्यापूर्वी आपण क्षणभर थांबाल, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय भीम!