माळवदाचा दोष किती?

३० सप्टेंबर १९९३ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. गणेशविसर्जन करून गावे झोपली होती. चारच्या सुमारास किल्लारी परिसरात जमीन हादरली आणि लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे दगावली. बहुतेकजण आपल्याच घराच्या दगडमातीखाली गेले.

मी तेव्हा नुकताच अभियंता झालो होतो. पुनर्वसनातल्या एका नव्या गावाचे नकाशे काढायचे काम माझ्याकडे आले. जुने गाव वळणावळणाच्या बोळांचे. मी काटकोनात रस्ते आखले आणि ओळीने एकसारखी पक्की घरे मांडली. घरे उभी राहिल्यावर एका आजींनी मला विचारले, ‘‘लेकरा, घर चांगलं हाय. पण ढोरं कुठं बांधू? अन् सोयरा आला तर त्याला बसवू कुठं? दार उघडलं की थेट चूलच दिसती.’’

मला उत्तर देता आले नाही. हे मी नकाशा काढण्यापूर्वी विचारायला हवे होते.

त्यांच्या जुन्या वाड्यात देवडी होती, गोठा होता, पाहुण्यांसाठी ओसरी होती, बायकांना मोकळेपणाने वावरता येईल असा आतला चौक होता. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद, त्यामुळे वैशाखातही आत गारवा असे. पुढे काही वर्षांनी मी त्या गावात गेलो. माझ्या घरांपुढे लोकांनी पत्र्याच्या शेड ठोकल्या होत्या, चुली बाहेर आणल्या होत्या. स्लॅब तापतो म्हणून उन्हाळ्यात सारे घर अंगणात झोपत होते.

मग जुन्या घरांनी माणसे मारली, त्याचे काय? हा प्रश्न रास्त आहे. ज्यांनी घरची माणसे ढिगाऱ्यातून काढली, त्यांना दगडी भिंतीची भीती वाटणारच. परंतु दोष नेमका कुठे होता, हे पाहिले पाहिजे. त्या जाड भिंतीला आतून एक आणि बाहेरून एक असे दोन थर असत. मधे नुसती खडी आणि माती. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड बहुधा नसे. हादऱ्याने थर सुटले आणि भिंत ढासळली. शिवाय गळती थांबावी म्हणून माळवदावर वर्षानुवर्षे माती चढत गेली आणि तिचे ओझे अफाट झाले. उलट, आतले लाकडी खांब आणि तुळया कित्येक ठिकाणी उभ्याच राहिल्या होत्या.

म्हणजे उपायही घरातच होता. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घालायचे, दारे-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना एकसंध पट्टा बांधायचा, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरके आधार द्यायचे आणि माळवदावरची जादा माती उतरवायची. भूकंपानंतर अशा प्रकारे घरांची मजबुती करण्याचे कामही झाले. गावातला दगड, जुने सागवान आणि गावचाच गवंडी यांच्या आधारे ते करता येते; सिमेंट-लोखंडाचा खर्च कमी होतो आणि घर थंड राहते.

जुने जसेच्या तसे बांधा, असे मी म्हणत नाही. आरपार दगडाविना भिंत कुणीही उभारू नये. पण आज घरकुलाचा छापील नकाशा कोकणात, विदर्भात आणि मराठवाड्यात सारखाच गिरवायचा, हेही शहाणपणाचे नाही.

आता नवे काम आले की मी आधी गावातल्या एखाद्या जुन्या ओसरीवर जाऊन बसतो. चहा येतो, गप्पा होतात. ढोरे कुठे बांधता, हे मी पहिल्यांदा विचारतो. नकाशाचा कागद त्यानंतर उलगडतो.